होकाराचा शॉट

१२ जानेवारी

ताई,

तुझं पत्र पोचलं. एकच ओळ होती, पण तुझ्या अक्षरात होती, म्हणून पुन्हा पुन्हा वाचली. 'मी बरी आहे, पत्ता कुणाला देऊ नकोस.' दिलेला नाही. पाकीट कामावरच्या खणात ठेवलं आहे, घरी आणलेलं नाही. आईला एवढंच सांगितलं की तुझं पत्र आलं आणि तू बरी आहेस. ती म्हणाली, "बरं." मग हातातल्या शर्टाची सगळी बटणं शिवून झाल्यावर म्हणाली, "पाकीट जाड होतं का?" मी पातळ म्हणालो.

फोन तू उचलत नाहीस ते एका परीने बरंच आहे. फोनवर मी त त प प करतो. कागदावर चुकलं तर कागद बदलता येतो. हा तिसरा कागद आहे.

तू भावोजींचं घर सोडून गेलीस त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून तुझ्यात आणि आईत एक शब्द नाही. कोण बरोबर, कोण चूक, हे मी काढत बसत नाही, मला ते जमतही नाही. तुम्ही दोघींनी एकदा एकमेकींशी बोलावं एवढंच मला हवं आहे. त्यासाठी हे सगळं लिहितो आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तू म्हणायला नको की आडून आडून लिहिलं.

मला नवीन काम लागलं आहे. मालिका जिथे जोडतात तिथे. शूटिंगचे तुकडे आमच्याकडे येतात. ते बघून प्रत्येक तुकड्याला मी नाव द्यायचं, म्हणजे संकलकांना हवा तो शॉट पटकन सापडतो. संकलकांना सगळे मास्तर म्हणतात. दहावीत अडकलेल्या माणसाला असं खुर्चीवरचं काम मिळालं ते फक्त शुद्धलेखनामुळे. आधीच्या मुलाने 'दुःख' तीन तऱ्हांनी लिहून ठेवलं होतं, त्यामुळे शोधायला गेलं की मालिकेतलं एक तृतीयांश दुःखच हाती लागायचं. मास्तर मला नावाने हाक मारत नाहीत. "ए शुद्धलेखन" म्हणतात.

आणि मालिका कुठली, तर आईचीच. संध्याकाळी सातची. तू बघत नसणार म्हणून सांगतो. एका मोठ्या घरातली थोरली सून आहे. नवरा बाहेर गोड आणि घरात हात उचलणारा. वर्षभर तिने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला आणि गेल्या महिन्यात एक पिशवी घेऊन ती घराबाहेर पडली. आता एका खोलीत एकटी राहते आणि दवाखान्यात कामाला जाते. घराघरांतून तिला थोरलीच म्हणतात.

ती बाहेर पडली त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू नेहमीप्रमाणे आपल्याकडे बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं बाई, भरल्या घरातून अशी उठून जाते?"

आई म्हणाली, "भरलेलं होतं तर भांडी घासायला ही एकटीच कशी?"

"पण निदान सासूला विचारायचं."

"कशाला? गेली ते बरं केलं."

काकूंना राहवलं नाही. "आणि तुझी गेली तेव्हा गं?"

"ही मालिका आहे."

"मग?"

"मग काय. चहा घ्या."

ताई, आईने 'गेली ते बरं केलं' म्हटलं. मी तिथेच होतो, माझ्या कानांनी ऐकलं. म्हणून तुला लिहिल्याशिवाय राहवेना.

तुझा भाऊ


२ फेब्रुवारी

ताई,

तू लिहिलंस, 'आईला टीव्हीतली चालते, पोटची चालत नाही. मालिकेचं मला लिहू नकोस.' दोन वाक्यं, म्हणजे मागच्यापेक्षा बरीच प्रगती आहे. रागावू नकोस. मालिकेचं लिहायचं नाही असं ठरवून बसलो, तर कागदावर फक्त तारीख उरली.

आधी दुसरं सांगतो. परवा आई बटण लावता लावता म्हणाली, "तिच्या खोलीला खिडकी आहे का रे?" मी सविस्तर सांगू लागलो. खिडकी आहे, पण ती खरी नाही, चौकटीमागे रंगवलेला पडदा आहे आणि पडद्यावर दिवा सोडतात म्हणून सकाळ वाटते. आईने सुई खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. "मी मालिकेचं नाही विचारत," म्हणाली.

तेव्हा तुला विचारतो. तुझ्या खोलीला खिडकी आहे का?

आता मालिकेचं. नको असेल तर हा भाग सोड, पण मला वाटतं तुला समजायला हवं, कारण हे सगळं आईवर येऊन आदळणार आहे.

चॅनेलच्या मॅडम आमच्याकडे आल्या होत्या. थोरली घर सोडून गेल्यापासून आकडे उतरले आहेत, म्हणजे बघणारे कमी झाले आहेत. मॅडम चांगल्या आहेत, आवाज चढवत नाहीत. माझ्या खुर्चीमागे उभ्या राहूनच बोलत होत्या, मी नसल्यासारख्या.

"एकटी बाई खोलीत बसून करते काय? दाखवायचं काय आम्ही, स्टोव्ह?"

मास्तर म्हणाले, "कामाला जाते की ती, मॅडम."

"कामाला जाते हे एका वाक्यात सांगून होतं. रडायला माणसं लागतात. तिला महिनाअखेर घरी आणा."

"पण त्याने हिला जिन्यावरून ढकललंय. सगळ्यांनी बघितलंय ते."

"तो माफी मागेल ना. आणि हे बघा, जबरदस्ती नको हं, ते वाईट दिसतं. ती तिच्या मर्जीने आली पाहिजे. निर्णय तिचाच. आपली नायिका खंबीर आहे."

मॅडम गेल्यावर मास्तर म्हणाले, "ऐकलंस का रे शुद्धलेखन? निर्णय तिचा. फक्त आपल्याला आधी कळवला इतकंच."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. मला आई दिसत होती. ती हळूहळू कुठून कुठे आली आहे ते फक्त मी बघतो आहे. थोरलीने घरमालकिणीला पहिलं भाडं दिलं तेव्हा आई हसली. थोरलीने दवाखान्यात पहिल्यांदा कुणाला तरी उलटून उत्तर दिलं तेव्हा म्हणाली, "शिकली बघ." आणि त्यानंतरच तिने खिडकीचं विचारलं. आता थोरलीच परत गेली तर आई पुन्हा काय म्हणेल ते मला पाठ आहे. 'बघ, शहाणी बाई शेवटी घरीच येते.'

थोरलीचं काम करणाऱ्या नटीला आमच्याकडे सगळे बाई म्हणतात. वयाने मोठ्या नाहीत, पण म्हणतात. काल मी शूटिंगच्या जागी आदल्या दिवशीचं काम आणायला गेलो होतो, तेव्हा तोच प्रसंग चालू होता. नवरा खोलीच्या दारात उभा राहून म्हणतो, "चुकलो मी. येशील ना?" आणि थोरलीने म्हणायचं, "हो. माझं घर तेच."

बाई खुर्चीवरून उठल्याच नाहीत. "मी हे म्हणणार नाही."

दिग्दर्शक म्हणाले, "बाई, एक 'हो' आहे फक्त."

"एकच आहे म्हणूनच."

"बरं, बोलू नका. नुसती मान हलवा."

"मान माझीच आहे ना?"

"अहो, तुमची नाही, थोरलीची आहे."

"तिची असती तर तुम्ही मला कशाला विचारत बसला असता?" असं म्हणून त्यांनी पर्स उचलली. जाता जाता मेकअप करणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "परवा खऱ्याखुऱ्या दवाखान्यात एक बाई माझा हात धरून म्हणाली, तू जाऊ नकोस हं परत. मी तिला नाही जाणार म्हणून बसले आहे." त्यांचा करार या महिन्याचाच होता. तो त्यांनी पुढे वाढवला नाही.

म्हणजे आता परत जायला थोरलीच नाही. माझा जीव भांड्यात पडला. तूही फार काळजी करू नकोस.

तुझा भाऊ

खिडकीचं विसरू नकोस.


१९ फेब्रुवारी

ताई,

'आहे. उत्तरेला.' एवढंच लिहिलंस, पण आईला तेवढं पुरलं. ती म्हणाली, "उत्तरेला ऊन येत नाही. कपडे वाळत नसतील." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "पण उन्हाळ्यात बरी." तिसऱ्या दिवशी काकूंना म्हणाली, "आमचीच्या खोलीला खिडकी आहे." काकूंनी विचारलं, "आमची म्हणजे?" आई म्हणाली, "आमची म्हणजे आमची."

मी हे जसंच्या तसं लिहिलं आहे, पदरचं काही घातलेलं नाही.

दुसरी गोष्ट मात्र चांगली नाही. बाई गेल्या तरी प्रसंग गेला नाही. नवऱ्याचं बोलणं घेऊन झालं. बाईंच्या उंचीची एक मुलगी पाठमोरी उभी केली. राहिला तो थोरलीचा चेहरा आणि होकार. त्यासाठी नटी लागतच नाही, हे मला या कामावर येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

तुला समजावं म्हणून सांगतो. प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी दिग्दर्शक नटीचा नुसता चेहरा घेतात. बघते, दचकते, आवंढा गिळते, डोळे भरतात, मान खाली, मान वर. त्यांना रिअ‍ॅक्शन म्हणतात. पुढे कुठे भोक पडलं तर ठिगळ लावायला. दीड वर्षाचे बाईंचे असे चेहरे साठले आहेत आणि त्यांची नावं नीट लावलेली आहेत. 'होकार' म्हणून शोधलं की होकार येतो.

मास्तर म्हणाले, "वड्याचं तेल वांग्यावर. चल, एक हो काढ कुठूनतरी."

होकार सापडला. मागची भिंत धूसर करता आली, उजेड जुळवता आला. आता नवरा विचारतो, "येशील ना?" आणि थोरली क्षणभर थांबते, ओठ आत घेते आणि मान हलवते. बघणाऱ्याला वाटेल की केवढा विचार करून हो म्हणाली. मॅडमना फार आवडलं. "बघा, किती ठाम," म्हणाल्या.

हा भाग पुढच्या गुरुवारी लागणार आहे. मी दोन दिवस विचार करतो आहे की आईला तो कसा बघू द्यायचा नाही. टीव्हीची वायर सैल करून ठेवली, तर काकूंच्या घरी टीव्ही आहे. मामांकडे चल म्हटलं तर म्हणाली, "गुरुवारी? वेड लागलंय का तुला? गुरुवारी तो तिला भेटायला येणार आहे." शेवटी सांगून टाकलं की थोरली परत जाते, बघू नकोस. आई म्हणाली, "गप्प बस. आधी सांगू नकोस. आणि ती जायची नाही."

इतक्या खात्रीने म्हणाली की मी चहाचा कप घेऊन आत निघून गेलो.

मला एकदा वाटलं होतं की मास्तरांना सांगावं, हे मला जमणार नाही. मग वाटलं, मी नाही म्हटलं तर दुसरा कुणी करेल आणि 'दुःख' पुन्हा तीन तऱ्हांनी लिहील. हे कारण तितकंसं चांगलं नाही, हे मला लिहिताना कळतं आहे.

तुझा भाऊ


२७ फेब्रुवारी

ताई,

काल गुरुवार होता. आज सुट्टी मागून घेतली आणि सकाळपासून हे पत्र लिहायला बसलो आहे. सगळं ओळीने लिहितो.

सातला काकू आल्या. आईच्या मांडीवर शर्ट होता, पण सुईत दोरा ओवलेला नव्हता. मी मागे दाराशी उभा राहिलो. नवरा आला, दारात उभा राहिला, रडला. तो रडतो चांगला. काकूंनीही डोळे पुसले. मग तो म्हणाला, "येशील ना?" थोरली थांबली, ओठ आत घेतले, मान हलवली. बासरी वाजली. पुढच्या शॉटमध्ये पाठमोरी मुलगी त्याच्या मागून जिना उतरून गेली.

काकू म्हणाल्या, "झालं! आलीच की नाही शेवटी? म्हटलं नव्हतं मी? बाईच्या जातीला—"

"थांबा हो," आई म्हणाली.

"आता काय थांबायचं? हो म्हणाली ती."

"ती हो नाही म्हणाली."

"अगं, मान हलवली ना ढळढळीत! माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

"मान हलवली ती डॉक्टरला," आई म्हणाली.

तिचं बरोबर होतं.

काकूंना काही कळेना. आई उठून टीव्हीजवळ गेली, जणू थोरली अजून तिथेच आहे. "जिन्यावरून पडली तेव्हाचं आहे हे. सगळ्यांना सांगितलं पाय घसरला म्हणून. मग डॉक्टरने पडदा ओढला आणि हळूच विचारलं, दुखतंय का. तेव्हा तिने असेच ओठ आत घेतले आणि अशीच मान हलवली. असंच, आधी ओठ आणि मग मान. तो भाग मी विसरेन?"

"इश्श, नटी तीच आहे, तर मान तशीच हलवणार ना."

"काकू, मी त्या दिवशी जेवले नव्हते."

काकू उठल्या. त्या म्हणाल्या, "बाई, तुझं मालिकेचं वेड जरा जास्तच आहे," आणि वर निघून गेल्या.

मग आई माझ्याकडे वळली. "असं करता तुम्ही तिकडे?"

"करतात," मी म्हणालो.

"करतात की करता?"

मागच्या पत्रात मी लिहिलं की होकार सापडला. तो आपोआप सापडला नव्हता. मास्तरांनी काढ म्हटल्यावर मीच तो काढून दिला. आणि कामावर आल्या आल्या आधीच्या मुलाने लावलेली नावं सुधारली, तेव्हा त्याला 'होकार' असं नावही मीच दिलं होतं. आमच्याकडे शॉट येतो तेव्हा त्याच्यासोबत प्रश्न येत नाही, नुसता चेहरा येतो. मान खालीवर झाली, मी होकार लिहिलं. त्यात चूक एकही नव्हती, तरीसुद्धा ते बरोबर नव्हतं. हे सगळं मी आईला सांगितलं, त त प प करत, पण सांगितलं.

मला वाटलं ती ओरडेल. ती म्हणाली, "म्हणजे ज्याने ढकललं त्यालाच ती हो म्हणते आहे, आणि म्हणते आहे काय, तर दुखतंय."

आणि शर्ट घडी करून ठेवून दिला. टीव्ही बंद केला नाही. बातम्या चालू राहिल्या.

आज सकाळी मी उठलो तेव्हा ती ओट्यापाशी पाठ करून उभी होती. तशीच म्हणाली, "तिने कप उचलला होता."

मी विचारलं, कुणी?

"तुझ्या ताईने. बघायला आलेले ते लोक बसले होते. मामांनी तिला विचारलं, काय गं, पसंत आहे ना? आणि ती वाकली. त्या माणसाचा रिकामा कप उचलायला वाकली, तशी मान खाली गेली. मी म्हटलं, हो म्हणते. सगळे हसले, मीपण हसले. तिने कप आत नेला आणि ठेवला. काही बोलली नाही, म्हणून मला वाटलं, झालंच हो." मग तिने नळ सोडला. "ती सोडून आली तेव्हा मला म्हणाली, मी हो कधी म्हटलं होतं? मी तिला तोंडावर सांगितलं, मान हलवली नव्हतीस? सगळ्यांनी बघितलं."

मी म्हणालो, "तेव्हा घाई होती, आई."

"घाई नव्हती. तिने नाही म्हटलं असतं तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं."

मग नळ बंद केला. "तिला दुखत होतं का रे तिकडे? कुणी कधी विचारलं होतं?"

मी म्हणालो, मला माहीत नाही. आपल्या घरातून कुणी विचारलं नव्हतं, एवढं माहीत आहे.

ताई, हे मी तुला तिच्या वतीने माफी म्हणून लिहीत नाही. तिने माफी म्हटलेलं नाही आणि ती म्हणाली असं मी लिहिलं तर ते ठिगळ होईल. जे झालं ते लिहिलं. याचा तुला आनंद होईल की राग येईल याचा मला अंदाज नाही. पत्र टाकू की नको, असं करत टाकतो आहे.

तुझा भाऊ


९ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. तोवर इकडचं कळवतो.

आकडे वर गेले. थोरली घरी आल्यापासून बघणारे पुन्हा वाढले आहेत. मॅडमनी सगळ्यांसाठी केक आणला. आईला जे दिसलं ते दुसऱ्या कुणालाही दिसलं नसावं, किंवा दिसूनही त्यांनी चालवून घेतलं असावं. थोरलीच्या जागी आता नवीन नटी आली आहे. तिला पहिल्याच दिवशी डोक्यावरून पदर घ्यायला लावला, म्हणजे चेहरा बदललेला कमी जाणवेल.

बाई परवा राहिलेलं डबिंग करायला आल्या होत्या. चहाच्या टेबलापाशी त्यांनी विचारलं, "माझा होकार कुणी शोधला?" मास्तर छताकडे बघू लागले. मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"कुठला होता रे?"

"दुखतंय का, त्याचा."

त्यांनी कप खाली ठेवला. हसल्या, पण हसू नीट जमलं नाही. "आणि कुणाला कळलं नाही?"

"माझ्या आईला कळलं."

"आई काय करतात?"

"बटणं लावते, शर्टांना. घरीच."

"काय म्हणाल्या?"

मी सांगितलं. त्यांनी कप पुन्हा उचलला. मग म्हणाल्या, "दीड वर्ष काम केलं. चला, एका बाईने तरी नीट बघितलं." आणि डबिंगला निघून गेल्या.

त्या दिवसापासून मी रोज जेवणाच्या सुट्टीत शॉटची नावं बदलतो आहे. आता 'होकार' नावाचं काही नाही. 'डॉक्टरच्या "दुखतंय का"ला मान', 'मुलीच्या "भूक लागली का"ला मान', असं लिहितो. मास्तर कातावले. "अरे, नाव आहे की निबंध? मला उद्या हो लागला तर शोधू कसा?" मी म्हणालो, "प्रश्न शोधा, मास्तर." ते म्हणाले, "शुद्धलेखन, तू फार दिवस टिकायचा नाहीस इथे." पण त्यांनी नावं पुसली नाहीत. मॅडमना अजून समजलेलं नाही. समजेल तेव्हा माझं काय होईल माहीत नाही, तरी अजून करतो आहे.

आता खरं काम. काल आईने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "तिला लिही."

मी कागद घेतला. "काय लिहू? ये म्हणू?"

"इकडे कशाला ये? तिचं घर तिकडे आहे." मग म्हणाली, "लिही, की मी आले तर चालेल का."

मी लिहिलं, 'आई तुला भेटायला येणार आहे.' आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "येणार आहे नको. फाड ते. विचार."

मी फाडलं आणि लिहिलं, 'आईची यायची फार इच्छा आहे.' त्यावर म्हणाली, "माझी इच्छा कशाला हवी त्यात? मग ती नाही कशी म्हणेल? नुसतं विचार."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर ती नाही म्हणाली, असं मला सांगायचं. मध्ये तुझं काही घालायचं नाही. 'सध्या जमत नाही म्हणते', 'पुढच्या महिन्यात बघू म्हणते', असलं काही करायचं नाही. नाही तर नाही."

"आणि उत्तरच आलं नाही तर?"

याचा तिने बराच विचार केला. एरवी ती कशाचाही इतका वेळ विचार करत नाही. मग म्हणाली, "तर आलं नाही. तू त्याचा अर्थ लावू नकोस, मीपण लावणार नाही."

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "अगं, आई आहेस तू तिची. पोरीच्या घरी जायला परवानगी मागतेस? जा सरळ, उभी राहा दारात. हाकलून देईल का?"

"नाही हाकलणार," आई म्हणाली. "दारात उभी राहिले तर ती घेईलच आत. म्हणून तर आधी विचारते."

आणि मला म्हणाली, उत्तर येईपर्यंत तिकीट काढायचं नाही, पिशवी भरायची नाही, कुणाला सांगायचं नाही. काकूंना ऐकू आलं त्याला इलाज नाही.

तेव्हा, ताई, वरचं सगळं बाजूला ठेव. माझं म्हणणंही बाजूला ठेव, मी पहिल्याच पत्रात जे मागितलं तेसुद्धा. आईने मला फक्त एक वाक्य लिहायला सांगितलं आहे, ते तिने दोनदा वाचून घेतलं, आणि त्याखाली मी काही लिहायचं नाही असं बजावलं आहे.

आई विचारते, मी आले तर चालेल का?